गोड पाण्यात धुतलेली तिकिटं

हां, तर कमळनं ते तिकीट जिभेच्या टोकाला लावलं, तिथवर काल आलो होतो.

लावलं मात्र, आणि तिचं तोंड असं काही झालं की विचारू नका. अलिबागच्या बाजारातलं चिरागभाईचं वह्या-पेनांचं दुकान, दिवाळी पुढ्यात, कंदील न् रांगोळीच्या पुड्या घ्यायला माणसांची ही दाटी, आणि त्या दाटीत काष्टा घातलेली सत्तरीची बाई टपालाचं तिकीट चाखत उभी. एका बाईनं तर आपलं पोर हळूच बाजूला ओढलं.

"खारं लागतंय," कमळ म्हणाली.

"खारंच लागणार ने, बेन!" चिरागभाईनं गल्ल्यावर थाप मारली. "ही तिकिटं पाकिटावरून सोडवली ती कुठल्या पाण्यात?"

"कुठल्या म्हंजे? आमच्या बावीच्या."

"आणि बाव कुठे?"

"खाडीच्या बांधाला लागून."

चिरागभाईनं कपाळाला हात लावला आणि नोकराला दोन चहा सांगितले. गुजराती माणूस धंद्याच्या ऐन दिवाळीत गल्ला सोडून चहा सांगतो, म्हणजे प्रकरण गंभीर हे कमळला तेव्हाच कळलं.

आता ज्यांनी खाडीकाठ पाहिला नाही त्यांना हा घोळ समजायचा नाही. कमळचं सासर उरणकडचं, मिठागरांच्या कडेचं गाव. त्या गावात पाणी दोन जातींचं. गोडं पाणी लांबून यायचं. पूर्वी बायकांच्या डोक्यावरून, मग टँकरनं, आता नळानं, तेही एक दिवसाआड. ते फक्त पोटात जायचं. बाकी आंघोळ, धुणं, भांडी, गोठा, सगळं बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, मचूळ पाण्यावर. हा नेम असा हाडात मुरलेला, की कुण्या सुनेनं गोड्या पाण्यानं पाय धुतले तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत वेशीपलीकडे जायची. मग पाकिटाचा कोपरा भिजवायला गोडं पाणी घ्यायचं, हे कमळच्या मनाला शिवणार कुठून? लग्न होऊन आल्यापासून तिनं तिकिटं सोडवली ती बावीच्या पाण्यात. पाणी उडून जायचं, मीठ कागदात राहायचं. थंडीत तिकीट कसं कोरडं ठणठणीत. आषाढ लागला की तेच मीठ हवेतली ओल ओढायचं, तिकिटाला तिकीट बिलगायचं, कागदावर तांबूस ठिपके उठायचे. कमळला वाटायचं, जुनी झाली, म्हणून असं होतंय.

"जुनी झाली म्हणून नाही, बेन. मीठ आतून खातंय," चिरागभाई म्हणाला. "आणखी थोडे पावसाळे जाऊ द्या, मग हातात चुरा येईल."

चिरागभाई काही उगीच घाबरवणारा माणूस नव्हे. दुकान त्याचं पोट भरायचं, पण जीव तिकिटांत. तो आणि त्याचे मित्र मिळून दर जानेवारीत अलिबागला एका सभागृहात तिकिटांचं प्रदर्शन भरवतात. कमळची सून प्राप्ती, हिचं माहेर अलिबागजवळचं नागाव. तिनं लहानपणी ते प्रदर्शन पाहिलं होतं, आणि सासूच्या ट्रंकेत काय आहे हे कळल्यावर तीच सासूला घेऊन दुकानात आली होती. कमळची इच्छा एवढीच, की आपल्या गावाच्या नावाची एक फ्रेम त्या सभागृहात लागावी. त्यासाठी ती आली, आणि मीठ चाखून बसली.

चिरागभाईनं समजुतीचा मार्ग काढला. "जी थोडी बरी आहेत ने, त्यांचं एक पान करू. बाकी ट्रंकेत राहू द्या."

"सगळी धुवून काढली तर? गोड्या पाण्यात?"

"धुता येतील. पण काही शाया पाण्यात उतरतात. एकदा रंग गेला की गेला."

"आणि न धुता ठेवली तर?"

"तरी जाणार. सावकाश."

"मग ठरलंच की. बसून मरण्यापेक्षा चालून मेलेलं काय वाईट?"

चिरागभाई हसला आणि त्यानं तिला देशाच्या पहिल्या तिकिटाची गोष्ट सांगितली. सिंध प्रांतात, कंपनी सरकारच्या काळात, लाल लाखेची वाटोळी चकती काढली होती. टपालाचा घोडा की सांडणी जे काय असेल ते धावायचं, आणि चकतीचा वाटेतच भुगा व्हायचा. म्हणून ती आज सापडणं मुश्कील. त्याला म्हणायचं होतं, तिकीट जपायचं तर हात कमी लावावा. कमळनं घेतलं भलतंच. ती म्हणाली, "पण नंतर त्यांनी कागदाची केलीच ना? लाख मोडली म्हणून टपाल बंद न्हाय केलं." चिरागभाईनं गल्ल्यातून एक चपट्या टोकाचा चिमटा काढला आणि तिच्या हातात दिला.

या तिकिटांच्या नादाची सुरुवात झाली ती एकाहत्तर साली. ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे.

कमळचं माहेर खारेपाटातलं. तिथल्या शाळेत ती सातवी पास झालेली. त्या काळी सातवी पास सून म्हणजे गावाला कलेक्टर आल्यासारखं. गावातले अर्धे बापये मुंबईला, कुणी गोदीत, कुणी बार्जवर. पत्रं यायची, पण वाचणार कोण? पोस्टमन घाईत. मास्तर वाचायचा, पण मास्तरापुढे नवऱ्याचं पत्र उघडायचं म्हणजे बायका मरणाच्या लाजायच्या. कमळ डोईवर पदर घेऊन ओटीवर आली, आणि बायकांना देव भेटला.

सगळ्यात आधी आली शेजारची बायजा. तिचा नवरा तुळशीराम बार्जवर. वाचणाऱ्याला रित्या हातानं उठवायचं नाही अशी तिथली रीत, म्हणून बायजानं पदरात मूठभर सुका जवळा आणलेला. पत्र वाचून झालं, बायजानं डोळे पुसले, हसली, आणि जवळा पुढं केला.

"जवळा नको," कमळ म्हणाली. "हा पाकिटाचा कोपरा दे मला."

"कोपरा? आन् काय करशील? सासू जेवायला घालत न्हाय काय तुला?"

"वेडी, त्यावरचं चित्र हवंय."

त्या कोपऱ्यावर दोन तिकिटं होती. एक नेहमीचं. दुसरं पाच पैशांचं, त्यावर आडवी इंग्रजी अक्षरं वरून छापलेली. कमळनं ते मास्तरांना दाखवलं. मास्तर म्हणाले, पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे येतायत, त्यांच्या पोटापाण्यासाठी सरकारनं प्रत्येक पत्रावर हे जादा तिकीट लावायला सांगितलंय. कमळनं हे बायजाला सांगितलं, आणि बायजाची मान जी ताठ झाली! पाणवठ्यावर, बाजारात, वाण्याकडे, जो भेटेल त्याला तिचं सुरू: "आमच्या ह्यांनी बंगालच्या लोकांना पाच पैसे धाडले." मग काय, घरोघरच्या बायका आपापली पाकिटं घेऊन कमळच्या ओटीवर. आमच्या नवऱ्यानं धाडले का बघ. एकीच्या पाकिटावर ते तिकीट निघालं नाही, आणि बिचाऱ्याचा पुढच्या सुट्टीत काय उद्धार झाला म्हणता!

तेव्हापासून वाचणावळ ठरली ती तिकिटाची. पोस्टकार्ड न् आंतरदेशीय पत्र आलं की कमळ हळहळायची, कारण त्यावरचं तिकीट छापील, ते काढायचं तर पत्रच फाडावं लागणार. बाई मात्र खूश, मजकूर फुकटात वाचून मिळायचा. राखीची पाकिटं, लग्नाच्या पत्रिका, बँकेची, कोर्टाची, कारखान्याची पत्रं, यातून देश एकेक करून कमळच्या घरी यायला लागला. पहिला उपग्रह आला. एशियाडचा हत्ती आला. अंड्यातून निघालेली पिल्लं आली, हातमाग आला. एकदा मुरूडकडच्या पाहुण्यानं जंजिरा संस्थानचं नवाबाचं चित्र असलेलं तिकीट दिलं. ते टपालाचं नव्हे, कोर्टाच्या अर्जावरचं, हे तिला पुढं चिरागभाईकडे कळलं. तोवर तिनं नवाबाला वर्षानुवर्षं पोस्टातच कामाला ठेवलं होतं.

आणि तिची एक खोड, तीच खरी मजेची. वहीच्या पानावर लावलेल्या प्रत्येक तिकिटाखाली ती एक ओळ लिहायची: ते ज्या पत्रावरून आलं त्यातली. उपग्रहाखाली लिहिलंय, 'गाय व्याली का कळवणे.' हत्तीखाली, 'पगार झाला, तुझ्या भावाला सांगू नको.' त्या पाच पैशांच्या तिकिटाखाली, 'तुझ्या हातचं वालाचं बिरडं आठवतं.' म्हणजे वर देश, आणि खाली गाव. दोघं एकाच पानावर नांदायचे.

पुढं फोन आले, पत्रं आटली. कमळनं ट्रंक जपली.

तर अलिबागहून परत आली, तेव्हा दयाराम पडवीत बसला होता. दयाराम म्हणजे तिचा नवरा, उमर सगळी मिठागरात गेलेली, पाय अजून चिरलेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसला.

"मिठागरात जन्म गेला, न् मीठ कागदात मुरतं एवढं कळलं न्हाय तुला?"

"तुम्हाला कळत व्हतं तर बोलला का न्हाय?"

"मला वाटलं, मुद्दाम खारवतेस. सुकटीसारखी टिकतील म्हणून."

"जल्लं मेलं लक्षण तुमचं," कमळ म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

मुलगा प्रणय. त्याचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरात चालतात, कानाला फोन शिवलेला. तो म्हणाला, "आई, कशाला एवढं टेन्शन? नेटवर सगळ्या तिकिटांचे फोटो भेटतात. कलर प्रिंट मारून देतो, एकदम चकाचक."

"तुझ्या लग्नाचे फोटो पण चकाचक आलेत," कमळ म्हणाली. "म्हणून काय बायको माहेरी धाडू?"

प्राप्ती स्वयंपाकघरात एवढी हसली की तिची भाकरी करपली. प्रणय फोन कानाला लावून जो निघाला तो जेवायलाच परत आला.

आता प्रश्न गोड्या पाण्याचा. नळाला पाणी एक दिवसाआड, आणि घरात माणसं. कमळनं बजावलं, पिण्याच्या हंड्याला कुणी हात लावायचा नाही. ती स्वतः पहाटे कळशी घेऊन गावाच्या टोकाच्या नळावर जायला लागली, जिथं पाणी जरा जास्त वेळ टिकतं. कंबर साथ देईना. वाटेत दोनदा टेकायची, पण कळशी खाली ठेवायची ती अशी, की थेंब सांडू नये.

पडवीत परात मांडली. पाणी ओतलं. अलीकडच्या एका पानावरची तिकिटं एकेक करून पाण्यावर सोडली. ती आधी तरंगायची, मग दमल्यासारखी खाली बसायची. जवळा निवडून निवडून कमळच्या बोटांना भलतीच नजर आलेली; एकमेकांना चिकटलेली तिकिटं ती पाण्यातल्या पाण्यात अशी अलगद सुटी करायची की कागदाला पत्ता लागू नये. एक पाणी टाकलं, दुसरं घातलं. पण मीठ गेलं हे ओळखायचं कसं? तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. कळेना. जन्मभर तिखट खाल्लेली जीभ ती.

दयाराम बाजूला बसून बघत होता. न राहवून त्यानंही बोट बुडवलं.

"अजून दोन पाण्याचं हाय," तो म्हणाला.

"कशावरून?"

"अगो, आगरात पाणी कधी धरलं न् मीठ कधी बसायला लागलं ते आमी जिभेवरच ओळखायचो. शेठची माणसं मापं घेऊन यायची, तवर माझी जीभ सांगून मोकळी."

तेव्हापासून दयाराम चाखणारा झाला. रोज सकाळी चहा झाला की पडवीत ऐटीत बसायचा, प्रत्येक पाणी चाखायचा, आणि हुकूम सोडायचा: "टाक हे." "अजून एक." "हां, आता गोडं." कमळ मुद्दाम एखादं पाणी दोनदा चाखायला द्यायची. एकदाही तो चुकला नाही. मग मात्र त्याला चढली. गावात सांगत सुटला की अलिबागचे लोक माझ्या जिभेवाचून अडलेत.

वाळवायला घेतली सुपं. इथं एक फटफजिती झाली, ती सांगायलाच हवी. घरातली सुपं सुकट पाखडून पाखडून तयार झालेली. त्यावर जुन्या लुगड्याचं फडकं पसरून तिकिटं वाळत घातली, आणि घटकाभरात शेजारची मांजर येऊन एशियाडच्या हत्तीला चाटायला लागली. प्राप्तीनं आरडाओरडा केला म्हणून हत्ती वाचला. त्या दिवशी बाजारातून कोरी सुपं आली. वाळलेली तिकिटं वर्तमानपत्राच्या घड्यांत, घड्या पाट्याखाली. मसाला वाटायचा झाला की आधी हत्ती न् उपग्रह बाहेर काढावे लागायचे.

कळशी घेऊन टेकत टेकत येणारी कमळ एका सकाळी बायजाला दिसली. बायजा आता पार वाकलेली, ऐकायला कमी, तोंड मात्र होतं तसंच धारदार. तुळशीराम जाऊन बरीच वर्षं झाली.

"घरात नळ असून कुठं वणवण करतेस गो?"

कमळनं सांगितलं, ओरडून सांगितलं. बायजानं ऐकलं, आणि घरात गेली. पुढच्या खेपेला पाणी आलं तशी बायजा तांब्या घेऊन कमळच्या पडवीत हजर. तिच्यामागून दुसरी, तिसरी. ज्यांची पत्रं होती त्या, ज्या उरल्या नव्हत्या त्यांच्या सुना न् लेकी. कुणी कळशी, कुणी बाटली, कुणी पोराच्या शाळेची पाण्याची बाटलीच उचलून आणलेली. ज्या गावात गोड्या पाण्यावरून जावा-जावांनी अबोले धरले, त्या गावात हे पाणी पडवीत आलं. ठेवायचं, आणि बसायचं. आपल्या घरचं तिकीट परातीत कधी उतरतंय ते बघायचं आणि खालची ओळ वाचून घ्यायची. "भावाला सांगू नको" ही ओळ वाचली तेव्हा तो भाऊ, आता आजोबा झालेला, गल्लीतून जात होता. जो काही गलका झाला!

सगळं असं सुरळीत चाललं होतं, आणि एका सकाळी परातीतलं पाणी गुलाबी झालं.

कमळनं घाईघाईनं चिमट्यानं तिकिटं उचलली. तीन-चार फिकी पडली होती. चिरागभाईला फोन लावला. तो म्हणाला, सांगितलं होतं ने बेन, काही शाया अशाच. आणि जुन्या ओलीनं रंग आधीच सुटला असेल. थांबा आता. कमळ दोन दिवस थांबली. परात पालथी घालून ठेवली. दयाराम चहा पिऊन पडवीत यायचा, परातीकडे बघायचा आणि विडी ओढायला बाहेर जायचा. राहिली होती ती सगळ्यात जुनी पानं. त्यातच बायजाचं तिकीट.

तिसऱ्या दिवशी बायजाच आली. "माझं धुतलंस?"

"न्हाय. रंग जाईल."

"न धुतलं तर?"

"सावकाश जाईल."

"मग? माझ्या नवऱ्याचं तिकीट मिठात कुजतंय, न् तू परात पालथी घालून बसलीस? धू!"

कमळनं परात सुलटी केली. बायजाच्या तांब्यातलं पाणी ओतलं. पाच पैशांचं तिकीट सोडलं. पहिलं पाणी खारट, दुसरं खारट, तिसऱ्या पाण्याला दयाराम म्हणाला, "गोडं." पण तोवर तिकिटावरचं चित्र उतरून गेलं होतं. वरून छापलेली काळी अक्षरं तेवढी राहिली होती, आणि मागं फिकट सावली.

कमळनं पदर डोळ्यांना लावला. बायजानं तिकीट डोळ्यांजवळ नेलं, उलटंसुलटं केलं.

"मी बी अशीच झालीय," ती म्हणाली. "कागद घट हाय ना?"

"हाय."

"चुरा न्हाय ना व्हणार?"

"आता न्हाय."

"मग रडतेस काय? खालचं वाच."

कमळनं बिरड्याची ओळ वाचली. ओरडून वाचली, बायजाला ऐकू जावी म्हणून, आणि मग पुढचं पान घेतलं. एकदा हात घातला तो ट्रंकेचा तळ दिसेपर्यंत काढला नाही.

संक्रांत झाली. पानं तयार झाली, वर्षांच्या क्रमानं. चकचकीत तिकिटांच्या शेजारी फिकी, फिक्यांच्या शेजारी चकचकीत, आणि प्रत्येकाखाली कमळच्या सातवीतल्या गोल अक्षरात एक ओळ. प्रणयनं सगळ्यांत वर ठळक अक्षरांत गावाचं नाव छापून आणलं. तेवढं प्रिंट कमळनं चालवून घेतलं.

प्रदर्शनाच्या दिवशी तोच प्रणय ट्रेलरचं काम सोडून टेंपो घेऊन आला. पडवीत पाणी घेऊन येणाऱ्या साऱ्या बायका टेंपोत. मधोमध खुर्ची बांधून बायजा. दयाराम पुढं ड्रायव्हरशेजारी, कारण तो चाखणारा. भाकऱ्या, सुकट, गाणी, वडखळला चहा, असं करत टेंपो अलिबागला पोचला. सभागृहाचं दार लोकांसाठी अजून उघडायचं होतं. आधी परीक्षक फ्रेमी बघणार, मग माणसं. बायका बाहेर टेंपोत थांबल्या. कमळ आणि प्राप्ती आत गेल्या.

परीक्षक होते विनेश साहेब. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, शांत, चष्मा कपाळावर सरकवून वाचणारे. बाकीच्या फ्रेमींपुढून ते चालत गेले. कमळच्या फ्रेमीपुढं थांबले ते थांबलेच. एका ओळीला हसले. एका ओळीला त्यांनी चष्मा काढून पुसला. कमळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

"कमळताई," ते म्हणाले, "इतकी वर्षं तिकिटं बघतोय, पण त्यांखालची माणसं अशी कधी वाचली नाहीत. मनापासून सांगतो."

कमळला वाटलं, जिंकलं.

"पण नियमाचा भाग असा," साहेब हळू आवाजात म्हणाले, "की स्पर्धेत तिकिटाची अवस्था बघावी लागते. ही फिकट झालेली आहेत ना, त्यांनी सगळी फ्रेम खाली ओढली जाते. ती काढून चांगली लावलीत, तर ही फ्रेम बक्षिसापर्यंत जाईल. नाहीतर मला ती मागच्या बाजूला, स्पर्धेबाहेरच्या भागात लावावी लागेल."

चिरागभाई तयारीनं आलेला. त्यानं खिशातून एक पारदर्शक पुडी काढली. "बेन, हीच तिकिटं, माझ्याकडची. एकदम स्वच्छ. घ्या, लावा. परत नका देऊ."

कमळनं पुडी घेतली. चिमट्यानं पाच पैशांचं तिकीट बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. काय रंग होता त्याचा! कडा अशा, की आजच छापून आलंय. बायजानं पहिल्यांदा दिलेला तो कोपरा असाच होता, अगदी असाच. मिठाचा कण नाही, पाण्याचा डाग नाही. प्राप्तीनं सासूचा हात दाबला. "आई, लावूया ना. खालची ओळ तीच राहील. कुणाला कळतंय?"

तिकीट अजून कमळच्या चिमट्यात होतं. गावाच्या नावाला बक्षीस म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. त्यासाठीच तर ती कळशी घेऊन टेकत टेकत चालली होती. बाहेरून बायकांचा कालवा ऐकू येत होता, आणि त्या सगळ्यांच्या वर बायजाचा आवाज: दार उघडत न्हाईत काय मेले?

तिनं तिकीट परत पुडीत ठेवलं, पुडीची घडी नीट घातली, चिरागभाईच्या हातात दिली आणि त्याला हात जोडले. मग विनेश साहेबांकडे वळली.

"साहेब, भाईंचं तिकीट लई सुरेख हाय, पण त्यावरनं बायजाला पत्र आलेलं न्हाय. तुमचा तो मागचा भाग कुठल्या दारानं लागतो तेवढं सांगा. बायका टेंपोत खोळंबल्यात, त्यांना तिकडूनच आत आणते."